मोटरीसाठी अर्ज

मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली आईच्या मशिनची होती आणि आम्ही तिथं मशिनच्या परवानगीनं राहत होतो. खिडकीपाशी मशिन, त्याच्या उजवीकडं इस्त्रीचं टेबल, भिंतीवरच्या खुंट्यांना ब्लाऊजच्या कापडांच्या पिशव्या, आणि उरलेल्या जागेत आबा, मी आणि कुणी ना कुणी टेकलेली गिऱ्हाईक बाई. तालमीतली पोरं सकाळी जोर मारून रस्त्यानं मोठमोठ्यानं बोलत परत निघायची, त्या सुमाराला मशिन सुरू व्हायचं ते दुपारच्या भाकरीपर्यंत थांबायचं नाही. आबा लाकडाच्या वखारीत कामाला होते. दिवसभर करवतीचा आवाज ऐकून आलेला माणूस घरी मशिनचा आवाज ऐकत जेवायचा, त्यामुळं आबांचं बोलणं आमच्या गल्लीत फारसं कुणी ऐकलेलं नाही. रविवारी तांबडा रस्सा झाला की ते एवढंच म्हणायचे, "मीठ बरोबर हाय." आई त्याला भाषण म्हणायची.

आईचं माहेर कुरुंदवाड. तिथं ती तीन वर्षांची असताना तिला ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय तिचं ऐकेनासा झाला होता. शेतातलं काम जमणार नाही, लग्न जमेल की नाही ठाऊक नाही, म्हणून आजोबांनी तिला उस्मानचाचांच्या दुकानात काजं-बटणं करायला बसवलं. उस्मानचाचा गावातले जुने शिंपी. त्यांनी तिला वर्षभर सुई दिली आणि मग एके दिवशी मशिनवर बसवून सांगितलं, की खालचा पायटा दोन पायांनी चालवतात हे लोकांचं म्हणणं आहे, मशिनला ते ठाऊक नाही. उजव्या पावलाची टाच आणि चवडा आळीपाळीनं दाबून एका पायावर मशिन पळवायचं तिनं तिथं शिकून घेतलं. डावा पाय पायट्यावर नुसता ठेवलेला असायचा. "त्यो हाय सोबतीला," असं ती म्हणायची. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा बाराव्या दिवशी तिनं आबांना मशिन आणायला लावलं, आणि मला कळू लागलं तेव्हा पेठेतल्या निम्म्या बायकांच्या पाठीचं माप तिला तोंडपाठ होतं. कोण जाड झालं, कोण सुकलं, कुणाला दिवस गेलेत, हे त्यांच्या घरच्यांच्या आधी आईच्या टेपला कळायचं. पण टेपवर कळलेलं तिनं कधी बाहेर बोलून दाखवलं नाही, म्हणून गिऱ्हाईक टिकून होतं.

मी अकरावीत होते त्या वर्षी तिचा उजवा गुडघा सुजायला लागला. आधी तिनं मिठाच्या पाण्यानं शेकून बघितलं, मग निर्गुडीचा पाला बांधला, मग गल्लीतल्या प्रत्येक बाईनं सांगितलेलं तेल लावलं. घरात महिनाभर असा वास होता, की ब्लाऊज न्यायला आलेल्या बाया कापड हुंगून बघायच्या. शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून स्पष्ट सांगितलं. "हौसाबाई, तुमचा हा एक पाय चाळीस वर्षं दोघांचं काम करतोय. मशिन बंद करा, नाहीतर मशिनला मोटर बसवा. दोन वर्षं असंच चालवलंत तर हाही पाय जाईल." आई म्हणाली, "मशिन बंद केलं तर मी जाईन की." म्हणजे मोटर. ती घ्यायची ऐपत आम्हाला नव्हती. त्यावर डॉक्टरांनीच सांगितलं, की धंदा करणाऱ्या अपंगांना सरकार अशा वस्तूंसाठी मदत देतं, अर्ज करून बघा.

पहिला अर्ज आईनं सांगितला आणि मी लिहिला. तो चार ओळींचा होता. मी शिवणकाम करते, माझा डावा पाय लहानपणापासून निकामी आहे, उजवा गुडघा दुखतो, मशिनला मोटर मिळावी. खाली आईनं जीभ दातांत धरून सही केली. तिला तेवढंच लिहिता येत होतं, पण ती सही मात्र टिपेसारखी सरळ यायची. मी म्हटलं, "आई, फारच थोडं वाटतंय." ती म्हणाली, "जास्त काय सांगायचं हाय? मोटरच मागायची हाय न्हवं?"

अर्जाला दाखला हवा होता. दाखला देणारी खोली एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती, आणि तळमजल्यावर बाण काढलेली पाटी होती, की अपंगांची तपासणी वर. त्या जिन्यावर मी त्या दिवशी जेवढी माणसं बसलेली पाहिली तेवढी पुढं कुठल्या थेटरच्या जिन्यावरही पाहिली नाहीत. कुणी पहिल्या वळणावर दम खात होतं, कुणाला भाऊ पाठीवर घेऊन चढत होता. आई कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत वर गेली. दारातल्या कारकुनानं तिच्याकडं बघून म्हटलं, "वर आलात म्हंजे फार काय न्हाय तुमचं." आई म्हणाली, "आणि आलो नसतो तर?" तो म्हणाला, "तर गैरहजर."

इथं सांगायला हवं, की आमच्याकडं बायकाही मी आलो, मी करतो असंच बोलतात. परगावच्या माणसाला ते विचित्र वाटतं. आतले डॉक्टर परगावचे असावेत, कारण त्यांनी आईचं बोलणं ऐकून आधी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. मग त्यांनी तिचे दोन्ही पाय मापायला घेतले. आई त्यांच्या हातातल्या टेपकडं बघत होती, पण धंद्यातलं माणूस किती वेळ नुसतं बघणार.

"साहेब, टेप उलटी धरलीया."

"काय?"

"आणि तिचा पयला इंच फाटलाय. येकपासनं धरा आणि मग येक वजा करा."

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि नर्स आहात का म्हणून विचारलं. शिंपीण हाय, असं म्हणून आईनं त्यांच्या हातून टेप घेतली, स्वतःच्या दोन्ही पायांची मापं घेतली आणि गिऱ्हाइकाची सांगावी तशी खणखणीत आवाजात सांगितली. डॉक्टरांनी ती मुकाट्यानं लिहून घेतली. शेवटी त्यांनी दाखल्यावर पन्नास टक्के असा आकडा घातला. आईनं विचारलं, कशाचं पन्नास. ते म्हणाले, एकूण. आईनं जिना उतरताना तीन वेळा मला विचारलं, "सुमे, येकूण म्हंजे निम्मी मी का गं?"

दाखला जोडून अर्ज कचेरीत दिला, मग घरी तपासणीला एक साहेब आले. तरुण, पुण्याकडचे, हातात फाईल. आई म्हणाली, "या पावणं, बसा," आणि मला चहा ठेवायला सांगितलं. चहा येईपर्यंत त्यांनी तिला मशिन चालवून दाखवायला सांगितलं. अर्धवट राहिलेली बाही घेऊन आईनं ती एका दमात लावली. साहेबांनी वाकून खाली बघितलं.

"पण तुम्ही हे पायाने चालवताय."

"मग कशानं चालवायचं?"

"मग पाय निकामी कसा?"

"निकामी डावा हाय. ह्यो उजवा."

"पण यंत्र चालतंय ना पायाने."

आईनं पाय उचलला आणि मशिन थांबवलं. साहेब म्हणाले, "आता तुम्ही काम करत नाही आहात. मदत काम करणाऱ्यांसाठीच आहे." आई म्हणाली, "मग सुरू करू का बंद ठेवू, तेवढं सांगा." साहेब बिचारे वाईट नव्हते. त्यांना ते खरोखरच ठरवता येत नव्हतं. ते चहा पिऊन गेले आणि महिन्याभरानं अर्ज परत आला. त्यावर दोन शेरे होते. अर्जदार पायाने शिलाई यंत्र चालविते, सबब पाय निकामी असल्याचे दिसून येत नाही. आणि त्याखाली, पाय निकामी असल्यास पायाने यंत्र चालविणे संभवत नाही, सबब व्यवसाय करीत असल्याचे मानता येत नाही. आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य बोलले. "म्हंजे ती घरात न्हाईच म्हणा की."

आईनं गुडघ्याला नवा पाला बांधला. मी मात्र चिडले होते, आणि अकरावीतली चिडलेली हुशार मुलगी ही फार घातक वस्तू असते. मी तो अर्ज घेऊन कचेरीबाहेर झाडाखाली टाईपरायटर मांडून बसणाऱ्या तात्यांकडं गेले. तात्या गेली कित्येक वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होते आणि सरकार कशाला भुलतं याचा त्यांचा अभ्यास होता. त्यांनी आमच्या चार ओळी वाचल्या आणि चष्मा काढला. "पोरी, हा काय अर्ज झाला? हे तर वाण्याकडं सामान मागितल्यासारखं हाय. वाचताना साहेबाच्या घशात काहीतरी अडकलं पायजे. बाई धडधाकट वाटली की संपलं." मी विचारलं, मग काय लिहायचं? ते म्हणाले, "निबंध लिहितीस न्हवं शाळेत? तसं लिही. मी टाईप करतो."

निबंधात माझा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, मोडक्या छत्रीचं आत्मवृत्त, पूरग्रस्ताचं आत्मवृत्त, या सगळ्यांना मला बक्षिसं होती. छत्रीच्या आत्मवृत्तावर तर आमच्या बाईंनी डोळे पुसले होते. त्या मानानं आई सोपी होती. त्या झाडाखाली बसून मी अर्ध्या तासात लिहिलं. मी एक अभागी पंगू अबला असून जमिनीवरून सरपटत जीवन कंठीत आहे. पतीच्या अल्प मिळकतीवर मी केवळ भार होऊन पडले आहे. माझी लेकरे माझ्या या अवस्थेकडे पाहून मूक अश्रू ढाळतात. लेकरे म्हणजे एकटी मी, आणि मी अश्रू ढाळत नव्हते, मी विशेषणं शोधत होते. शेवटी मोटरीचा उल्लेख राहून गेला म्हणून तात्यांनी तो समासात टाईप केला. घरी येऊन मी आईपुढं सहीला कागद धरला. तिनं विचारलं, "काय लिव्हलंस?" मी म्हणाले, "मागचंच, जरा सुधारून." तिनं जीभ दातांत धरून सरळ सही केली. पुढं तीस वर्षं मी एका शाळेत मराठी शिकवलं. मुलांना सगळे निबंध घातले, आत्मवृत्त कधी घातलं नाही. सहकारी विचारायचे तेव्हा मी म्हणायचे, वेळ पुरत नाही.

हा अर्ज मंजूर झाला. इतक्या लवकर झाला, की तात्यांनाही आश्चर्य वाटलं. घरी तपासणीला कुणी आलंच नाही. सरपटणाऱ्या बाईची काय तपासणी करायची, असं कुणाला तरी वाटलं असावं. मोटर मात्र घरी मिळणार नव्हती. एका हॉलमध्ये समारंभ होता, मुंबईहून मोठे पाहुणे यायचे होते आणि त्यांच्या हस्ते वाटप होतं. आईनं नवं इरकली लुगडं काढलं आणि स्वतःसाठी एका दिवसात ब्लाऊज शिवला. गल्लीतल्या सहा-सातजणी, सगळ्या तिची गिऱ्हाइकं, रिक्षा करून आल्या. आबांनी वखारीतून अर्धी रजा घेतली.

मंचाला पाच पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. खाली पहिल्या रांगेत कुबड्यावाले, काठीवाले, आंधळे, असे सगळे बसवले होते, आणि नाव पुकारलं की प्रत्येकानं त्या पाच पायऱ्या चढायच्या होत्या. पाहुणे खाली उतरले असते तर ते शोभून दिसलं नसतं. एका माणसाला तीनचाकी सायकल मिळाली, तर सायकल आधीच वर नेऊन ठेवलेली, माणसाला दोघांनी उचलून वर नेलं, फोटो काढला आणि मग माणूस आणि सायकल वेगवेगळे खाली आणले. भरदार आवाजाचे एक मास्तर निवेदन करत होते. त्यांना प्रत्येकाबद्दल दोन शब्द वाचायला दिले होते, आणि ते दोन शब्द आमच्याच अर्जांमधून उचललेले होते, हे मला तिसऱ्या नावाला कळलं. आईचं नाव सहावं होतं. त्या मधल्या वेळात मला पळून जाता आलं असतं, असं आजही वाटतं.

आई तिसऱ्या पायरीवर होती तेव्हा मास्तरांनी सुरुवात केली. एक अभागी पंगू अबला. आई थांबली. जमिनीवरून सरपटत. आईनं मागं वळून बघितलं, आपल्यामागून कुणी दुसरी बाई येतेय का म्हणून. पतीच्या मिळकतीवर केवळ भार. मास्तरांचा आवाज तिथं दाटून आला होता, ते काम चोख करणारे होते. लेकरांचे मूक अश्रू येईपर्यंत आईनं ऐकून घेतलं, आणि मग ती वळली आणि एकेक पायरी उतरत आपल्या खुर्चीवर येऊन बसली.

आमच्याकडं तपासणीला आलेले तेच तरुण साहेब धावत आले. "बाई, चला ना वर. तुमचंच नाव आहे."

"नाव माझंच हाय," आई म्हणाली. "बाई दुसरी हाय."

"अहो, अर्ज तुमचाच आहे. सही आहे तुमची."

"सही बी माझी हाय. पण मी सरपटत न्हाय. आत्ता तुमच्याम्होरं चालत गेलो न्हवं?"

आईनं आवाज चढवला नव्हता, पण आमच्या पेठेतल्या आवाजाला माईक लागत नाही. वर पाहुण्यांनी विचारलं, काय झालं. साहेबांच्या कपाळावर घाम होता. यादी वर गेलेली, मोटर टेबलावर ठेवलेली, आणि घ्यायला माणूस नाही, हा प्रसंग त्यांच्या कुठल्याही नियमात नव्हता. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, घ्या हो. परत गेली तर मलाच जाब द्यावा लागेल." आई म्हणाली, "मग खरं सांगा, येतो." आणि बसल्या जागेवरून तिनं सांगितलं, साहेबांनी फाईलच्या पाठीवर लिहून घेतलं आणि मास्तरांकडं नेऊन दिलं. मास्तरांनी पुन्हा नाव पुकारलं आणि वाचलं. हौसाबाई पोवार, मंगळवार पेठ, ब्लाऊज शिवतात, गुडघा दुखतो म्हणून मोटर पाहिजे. एवढंच होतं, त्यामुळं भावनेला जागा सापडेना आणि ते बाजारभाव वाचल्यासारखं झालं. मागं बसलेल्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी मात्र टाळ्या वाजवल्या. आई पाच पायऱ्या चढली, मोटर घेतली, पाहुण्यांना नमस्कार केला आणि खाली आली. फोटोत ती हसत नाही आणि पाहुणे कुठं बघावं हे न समजल्यासारखे दिसतात.

रिक्षात मोटरीचं खोकं आबांच्या मांडीवर होतं. घरी आल्यावर आईनं लुगडं बदललं, चूल पेटवली, पिठात पाणी घातलं आणि पहिली भाकरी तव्यावर टाकून माझ्याकडं न बघता विचारलं.

"सुमे, येक सांग. मी तुला तशी दिसतो म्हणून लिव्हलंस, का न बघताच लिव्हलंस?"

मी म्हणाले, "तात्यांनी सांगितलं तसं लिहिलं." ते खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं. आईनं भाकरी उलटली. "बरं," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं मला ताट वाढलं, भाकरीवर खर्डा ठेवला, सगळं रोजच्यासारखं. मी दोन घास खाऊन भाकरी चिवडत बसले, तेव्हा आबांनी माझं ताट हळूच आपल्याकडं ओढून उरलेलं संपवलं.

मोटर बसली आणि घरातला आवाज बदलला. आधी टपटप पडणाऱ्या गारांसारखा होता, आता भुंग्यासारखा. मोटरीचा पायटा एवढासा होता आणि त्याला फार जोर लागायचा नाही. आईनं तो डाव्या पायाखाली घेतला. त्या पायाचा चवडा थोडासा हलायचा, तेवढं पुरत होतं. वीज गेली की पुन्हा जुना पायटा आणि उजवा पाय, आणि तेव्हा वीज रोजच जायची. तरी पावसाळ्यापर्यंत गुडघ्याची सूज उतरली. आई डाव्या पायाला म्हणायची, "बघ, म्हातारपणी कामाला लागलास."

वर्षानं एक छापील पत्र आलं. लाभार्थी अद्याप अपंग आहे काय, आणि लाभार्थी अद्याप व्यवसाय करीत आहे काय, हे कळवावे, अन्यथा वस्तू परत घेण्यात येईल. एका वर्षात पाय परत आला तर मोटर परत द्यावी, अशी सरकारची अपेक्षा असावी. दोन प्रश्नांपुढं रिकाम्या जागा होत्या आणि खाली 'अधिक माहिती' म्हणून चार ओळींची जागा. आईनं पत्र माझ्या हातात दिलं. मी पेन काढलं, तशी ती म्हणाली, "थांब. आधी तिथं बस आणि बघ."

मी इस्त्रीच्या टेबलापाशी स्टुलावर बसले. ती शिवत होती. सतरा वर्षं मी तिच्या मशिनच्या आवाजात वाढले होते आणि तिला शिवताना मी बघितलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ब्लाऊजची एक पाठ शिवून झाली, की ती दोरा तोडायची आणि इस्त्रीला उठायची. उठताना डाव्या हाताचा तळवा मशिनच्या कोपऱ्यावर ठेवायची, श्वास धरायची, सगळं वजन त्या तळव्यावर घ्यायची आणि मग उभी राहायची. त्या क्षणी तिचा खालचा ओठ आत जायचा. उभी राहिली की ओठ पुन्हा बाहेर, आणि गिऱ्हाईक असलं तर लगेच काहीतरी थट्टा. त्या कोपऱ्यावरचं पॉलिश पूर्ण गेलं होतं आणि लाकूड तिच्या तळव्याच्या आकारानं गुळगुळीत झालं होतं. दिवसातून ती चाळीस-पन्नास वेळा उठत असेल. मी एवढंच त्या चार ओळींत लिहिलं. एकही विशेषण घातलं नाही.

"वाच," आई म्हणाली.

मी वाचलं. तिनं मशिन थांबवून ऐकलं. ती त्या कोपऱ्याकडं बघत होती, आणि मला वाटलं मी पुन्हा चुकले.

"व्हय," ती म्हणाली. "ह्ये खरं हाय." मग तिनं सुईत दोरा ओवला. "पण ह्ये सरकारला कशाला सांगायचं? खोड त्ये. वर दोन जागी होय म्हणून लिही आणि टाक पोस्टात."

मी त्या चार ओळी खोडल्या आणि वर दोन ठिकाणी होय लिहिलं. खोडलेलं आज इथं पहिल्यांदा पुन्हा लिहिलं आहे. ते जिला वाचून दाखवावं ती आई आता नाही.